प्रार्थनेविना एक दुपार

दवाखान्यात आज एक बाई आजारी मुलीच्या उशाशी डोळे मिटून येशूची प्रार्थना करत होती. नर्स थर्मामीटर हातात धरून तिचं ‘आमेन’ होईपर्यंत थांबली. माझे पपा थांबले नसते.

पपा शाळेत विज्ञान शिकवायचे. माझी बहीण तापाने फणफणली होती, तेव्हा ते आईला म्हणाले, “औषध चालू ठेवू. तू मात्र आज प्रार्थना करू नकोस. काय फरक पडतो ते बघू.”

आई रडली, पण दुपारभर ओठ मिटून बसली. संध्याकाळी ताप उतरला.

“बघितलंस?” पपा हसले.

बहीण वाचली. आई मात्र पुन्हा कधी चर्चला गेली नाही. प्रयोगातून काढलेली वस्तू परत जागेवर ठेवता येते. श्रद्धेचं तसं नसतं, हे पपांच्या ध्यानातच आलं नाही.

शेवटच्या आजारात ते फार घाबरले. आईचा हात धरून म्हणाले, “माझ्यासाठी एकदा प्रार्थना कर गं.”

आईने त्यांच्या सुकलेल्या ओठांना पाणी लावलं.

“करते की,” ती शांतपणे म्हणाली, “पण कोणाकडे करू, ते तुम्हीच सांगा.”