पोटातल्या वस्तीचं गाऱ्हाणं

तारकर्लीच्या माझ्या मावशीच्या यजमानांनी गेल्या पावसाळ्यापासून आपल्या पोटातल्या जिवाणूंना गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. त्यांच्याइतका आतड्यांचा मान राखणारा माणूस मालवण तालुक्यात दुसरा नाही. दोष माझा. आतड्यातल्या जिवाणूंचा यकृतावरच्या चरबीशी संबंध असतो, ही बातमी मीच लिहिली होती. काकांनी कात्रण कापून जपलं. बोटीवर आयुष्य काढलेला हा माणूस तेव्हापासून ताटासमोर हात जोडून देवळातल्यासारखा आवाज लावतो : "बा म्हाराजा! ह्या पोटात जे कोण वस्तीक आसत, तेंच्यासमोर पेज आणि कुळथाची पिठी ठेवलेली आसा. ती मान्य करून घ्या, आणि धन्याच्या लिव्हराची राखण करा रे म्हाराजा!" आणि स्वयंपाकघरातून मावशी म्हणते, "व्हय म्हाराजा!" एकदा खोकल्यासाठी अँटिबायोटिक घ्यावं लागलं, तेव्हा पहिली गोळी गिळण्याआधी त्यांनी वस्तीची रीतसर माफी मागितली होती.

दिवाळीनंतर दोघांची सोनोग्राफी झाली. काकांचं पोट दारातून त्यांच्याआधी आत येतं, तरी त्यांचं यकृत नॉर्मल निघालं. तो कागद त्यांनी कॅलेंडरच्या खिळ्याला लावला. नारळ पाडायला आलेल्या माणसालाही माडावर चढण्याआधी तो वाचावा लागला. मावशी शिडशिडीत, तिच्या रिपोर्टची चौकशी कोणी केली नाही.

मार्चमध्ये मी गेलो, तेव्हा काका मला दाखवायला जुनं कात्रण शोधत होते. तांदळाच्या डब्याखाली कात्रण नव्हतं, मावशीचा रिपोर्ट होता. मी वाचला. फॅटी लिव्हर.

"माका कित्याक सांगलंस नाय?" काकांचा आवाज गाऱ्हाण्याचा नव्हता.

"लिव्हर बिघडला म्हटल्यावर लोक एकच इचारतले, बाई घेता काय? तुमचो रिपोर्ट वाडीभर फिरता. माझो खंय फिरवतलास?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मालवणला डॉक्टरांकडे गेलो. दारूचा थेंब न घेणाऱ्यालाही हे होतं, बारीक माणसालाही होतं, पाळी गेल्यावर बायकांत धोका वाढतो, असं त्यांनी सांगितलं. जिवाणूंचा संबंध आहे, बाई-पुरुषांत तो वेगळाही असावा. पण सगळं अजून कळलेलं नाही. मग त्यांनी मावशीला विचारलं, "दिवसभरात काय खाता?"

"सकाळी पेज," काकांनी उत्तर दिलं.

"ह्यांका काय म्हायत," मावशी म्हणाली. "सगळ्यांचा झाला काय उरलेला खातंय. कधी चार वाजतत. तोपर्यंत गोड चाय."



हल्ली मावशीच्या घरी दुपारी साडेबाराला दोन ताटं एकदम वाढली जातात. मागच्या रविवारी मी होतो. गाऱ्हाण्यात काकांनी आधी मावशीचं नाव घेतलं. ती शेजारी बसली होती, म्हणून "व्हय म्हाराजा" मला म्हणावं लागलं. डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली आहे. कॅलेंडरच्या खिळ्याला आता दोन कागद आहेत. वरचा मावशीचा आहे. तो तिनेच लावला.