शंकाकाकांचा पहिला प्रश्न

शंकाकाकांइतके बाळबोध प्रश्न भर सभेत विचारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अंधेरीच्या एका कॉलेजात दरवर्षी आमची मुक्त सॉफ्टवेअरची परिषद भरते. ज्याचा कोड कुणीही उघडून वाचावा आणि खुशाल दुरुस्त करावा, अशा सॉफ्टवेअरवर जीव टाकणारी हौशी मंडळी तिथे दोन दिवस जमतात. एकेक वक्ता असा, की तो बोलायला लागला की डोक्यावरचे पंखेसुद्धा इंग्रजीत फिरतायत असं वाटावं. अशा सभेत तिसऱ्या रांगेतून हा कडक इस्त्रीच्या बुशशर्टातला माणूस उठायचा आणि विचारायचा, "सगळं झकास, पण हे चालू कुठून करायचं?" सभागृह खो खो हसायचं. काका मन लावून उत्तर ऐकायचे, "बरं, कळलं" म्हणायचे आणि खाली बसायचे.

शंकाकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. भांडुपच्या एका शाळेतली कॉम्प्युटर लॅब ते सांभाळत. वडील गिरणीत होते, गाव कुडाळजवळचं. एरवी आपल्यासारखंच बोलायचे, पण माया आली की मालवणी बाहेर पडायची.

परिषदेला काका सगळ्यांच्या आधी हजर असत आणि चहाच्या टेबलापाशी घुटमळत. मला वाटायचं, फुकटचा चहा. खरं म्हणजे ते माणसं हेरत असत. "ज्याच्या हातातला चहा गार होतो ना, तो पहिल्यांदाच बोलणार असतो," हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

माझा चहा असाच गार झाला होता. घाटकोपरच्या आमच्या सोसायटीतल्या टाकीत पाणी किती आहे ते मोबाइलवर दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता. त्यावर बोलायला मी नाव दिलं होतं. आजचं फसलं तर या वाटेला पुन्हा फिरकायचं नाही, असं मी घरून ठरवूनच निघाले होते. तेवढ्यात काका शेजारी येऊन उभे राहिले.

"काय गो, घाबरलंस? तुका खयचो प्रश्न इलो तर बरा वाटात?"

मालवणी माझ्या डोक्यावरून गेली. मग त्यांनी समजावलं, "अगं, कुठला प्रश्न आलेला आवडेल तुला? मनात असतोच की एक."

होताच. वीज गेल्यावर काय होतं, यावर मी सर्वांत जास्त डोकं फोडलं होतं. ते सांगितल्यावर काका म्हणाले, "बस. कुणाला बोलू नको हां. आपल्या दोघांतच."

मी कशीबशी बोलले. मधेच प्रोग्रॅम अडकला, आणि "काही प्रश्न?" म्हटल्यावर एकही हात वर झाला नाही. मग तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "बाई, लाइट गेली की तुमच्या टाकीला कसं कळणार?" लोक हसले. मी मात्र सुटले. असं काही बोलत गेले की मागून आणखी हात वर झाले. खाली आल्यावर शेजारचा म्हणाला, "काय यार, काकांना एवढंही कळत नाही!" त्याला चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण वचन दिलं होतं.

गेल्या काही वर्षांत काकांना ऐकू कमी येऊ लागलं. यंत्र लावायला ते तयार नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका नवख्या मुलाने घाबरून, ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर भाषणातच देऊन टाकलं. काकांना ते ऐकू आलंच नाही. त्यांनी इमानेइतबारे तोच प्रश्न विचारला. "काका, आत्ताच सांगितलं ना!" मुलगा गडबडून म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "झोपले होते वाटतं!" इतका मोठा हशा त्या सभागृहात कधी झाला नसेल.

मी बाहेर त्यांना गाठलं. "आता सगळ्यांना खरं काय ते सांगते."

"अजिबात नाय. मग उद्या नवीन पोरगं उभं राहिलं की त्याला आलेला प्रश्न लोकांना खोटा वाटणार. हसू देत. माझं काय जातंय?"

जात होतं. त्यानंतर ते तिसऱ्या रांगेत बसले नाहीत. दाराजवळची खुर्ची धरायचे. ते बघून मला लोकांचा संताप यायचा.

यंदा काका भांडुप सोडून गावी निघाले, भावाकडे, कायमचे. परिषदेच्या शेवटच्या दिवशी, जेवणाआधी, आम्ही त्यांना व्यासपीठावर बसवून शाल दिली. माइक माझ्या हातात होता. माणूस अडाणी म्हणून इथून जाणार, हे मला सहन होईना. मी वचन मोडलं. चहापासून सगळं सांगून टाकलं.

टाळ्या वाजल्या नाहीत. तो नवखा मुलगा तेवढा उठून उभा राहिला. मग मुलुंडची एक प्राध्यापिका. मग पहिल्या रांगेतले एक बडे साहेब, काकांना सर्वांत मोठ्याने हसणारे. बघता बघता अर्धं सभागृह उभं होतं आणि चकित होऊन एकमेकांकडे पाहत होतं. काकांनी ठरवून प्रश्न विचारला तो फक्त आपल्याला, हे गुपित आपल्या एकट्याचं आहे, असं प्रत्येकाला वाटत आलं होतं. मला रडू आवरेना.

काकांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. उठलेली माणसं बघून त्यांनी शालीची घडी घातली, पिशवी उचलली आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "काय गो, जेवणाची सुट्टी झाली?"

"हो काका," मी मोठ्याने म्हटलं. "चला."