तमगे उजवीकडे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझे तमगे, फौजेतली पदकं, घासणं. चौदा ऑगस्टची सकाळ, मागच्या ओट्यावर ऊन आलेलं. बायको चिंचेचा कोळ घेऊन बसली होती आणि फिती भिजू नयेत म्हणून मी त्या वर धरून होतो. मी फौजेतून परतल्यापासून दरसाल हेच.

"अगं हळू. लढाईतले आहेत ते, तुझी तांब्याभांडी नव्हेत."

"लढाईत टिकले, ते माझ्या हातात मोडतात होय?"

तेलंगण झालं ते वर्ष. तिला त्याची मोठी गंमत वाटायची. "निजामाच्या राज्यात जन्मले, आंध्रात लग्न झालं, तेलंगणात म्हातारी झाले. आणि हैदराबादची ही मलकपेठ काही सोडली नाही." मग टोमणा मला. "तुम्ही नेमके कुठल्या राज्यासाठी लढलात हो?"

"देशासाठी."

"हौ, म्हणूनच घरचा नळ गळतच राहिला."

तमगे लागतात डाव्या छातीवर. ही समोर उभी राहून तिच्या डाव्या हाताला लावायची, म्हणजे माझ्या उजवीकडे. मी ओरडायचो, "उजवीकडे लावते ती मेलेल्या शिपायाची बायको, तिच्या स्वतःच्या अंगावर. मला जिता मारतेस काय?" ती म्हणायची, "मग पाठमोरे उभे राहा," आणि काढून परत लावायची. त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते, मी कोट घातलाच नाही. तिनं तो खुर्चीच्या पाठीला चढवला आणि तिथेच तमगे लावले.

"यंदा बरोबर लावलेत. बघून घ्या."

"उद्या बघतो," मी म्हणालो.

दुपारी जेवून ती आडवी झाली. चहाला उठवायला गेलो, उठली नाही. दिवस मावळायच्या आत मुलानं अग्नी दिला. माझी शाळा चौथीपर्यंत. जास्त शिकलो असतो तरी त्या संध्याकाळचं लिहिलं नसतं.

आमच्या कॉलनीत पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं, जुन्या शिपायांना शाल आणि नारळ देतात. त्या साली झेंडा मी चढवायचा ठरला होता. पुढच्या खुर्चीत आपण बसणार, हे तिनं गल्लीभर सांगून ठेवलेलं. सकाळीच कॉलनीचा सेक्रेटरी दारात आला. माणूस तेलुगू, पण आमची बोलाचाल दखनीतच. म्हणाला, "साब, इस बार रहने देव." मुलगा म्हणाला, "नाना, सुतक आहे. लोक काय म्हणतील?"

दोघांचंही बरोबर होतं. मी आत गेलो.

शर्ट तिनं खळ घालून ठेवलेला. कोट खुर्चीवर तसाच, आणि तमगे उजवीकडे. खुर्चीसमोर उभी राहून लावलेले, दुसरं काय होणार! मला हसू फुटलं. घरात माणूस गेलेलं आणि मी एकटा खोलीत हसतोय. मग तिथेच खाली बसलो.

काढून नीट लावावेत म्हणून पिनेला बोट लावलं. तिच्या हातचं शेवटचं तेवढंच होतं. बोट काढून घेतलं, कोट अंगात घातला आणि बाहेर येऊन मुलाला म्हणालो, "चल."

सुतक होतंच, म्हणून दोरीला हात लावला नाही, शाल घेतली नाही. सेक्रेटरीनंच झेंडा चढवला. मी खुर्च्यांच्या मागे उभा. माझ्यासारखाच एक म्हातारा फौजी शेजारी सरकला आणि हळूच म्हणाला, "हवालदार साब, तमगे उल्टी बाजू लगे."

"बराबर लगे," मी म्हणालो. "घरवालीने लगाए."

जन गण मन सुरू झालं. सलामीला उजवा हात वर गेला, तसा त्या बाजूचा कोट ओढला गेला आणि तमगे एकमेकांवर वाजले. डावीकडे असताना कधी वाजले नव्हते. सगळ्यांचे हात खाली आले तरी मी माझा थोडा वेळ वरच ठेवला.