थांबभाऊ आणि चार बटणांचं यंत्र

थांबभाऊ बिघडलेल्या गाडीजवळ आला की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरून तो गाडीभोवती फिरायचा, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. गाडीचा मालक घायकुतीला आलेला असायचा. कुणी म्हणायचं बॅटरी पाहा, कुणी म्हणायचं प्लग काढा. हा एकच बोलायचा, "थांब भाऊ." एक फेरी व्हायची, मग दुसरी. त्यावरून पांढरकवड्यात त्याचं हेच नाव पडलं. खरं नाव त्याच्या बायकोला, शेवंताला, फक्त रेशनकार्डावर दिसत असेल.

मी एकदा विचारलं, हात काहून बांधता म्हणून.

"मोकळे असले का काही ना काही उघडतेत, वयनी," तो म्हणाला. "आन उघडलं का जुना बिघाड रायते तसाच, वरतून नवा होते."

तो एसटीच्या डेपोत मिस्त्री होता. रिटायर झाल्यावर आमच्या घरापासून चौथ्या घरात राहायला आला. तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, अंगात डेपोचाच खाकी सदरा. स्वतःचं गॅरेज त्यानं काढलं नाही. लोक गाड्या घेऊन त्याच्या दारात यायचे आणि तो त्यांना त्यांच्याच हातानं दुरुस्त करायला लावायचा. चुकलं की शिव्या द्यायचा. बरोबर आलं तर काही बोलायचा नाही. त्याच्या गप्प बसण्यालाच लोक शाबासकी समजायचे.

आमच्याकडे व्हॅन होती. थोरला मुलगा गेल्यावर सून सुषमानं ती चालवायला घेतली. मारेगावच्या वाटेवरच्या गावांमध्ये मास्तरणी आणि नर्सबाया सकाळी नेऊन सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. आमचं घर त्यावर चालायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला व्हॅनचं एवढंच कळायचं की ती दारातून सकाळी सातला निघाली पाहिजे.

एके दिवशी व्हॅनच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला, इंजिनच्या चित्राचा. सिग्नलला किंवा एखाद्या बाईच्या दारापुढं उभी राहिली की गाडी थरथरायची. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं आपलं बिघाड वाचायचं मशीन लावलं, त्यावर आलेला कोड पाहिला आणि सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा परत लागला. मग तो म्हणाला, गाडीचा कॉम्प्युटरच गेला. नागपूरला राहणारा माझा धाकटा, प्रमोद, फोनवर म्हणाला, "आई, इकून टाकू. भंगारात जायच्या आधी गिऱ्हाईक आणतो." सुषमा चुलीपुढं बसून ऐकत होती. व्हॅन गेली असती तर तिला कुणाच्या तरी घरी भांडी घासायला जावं लागलं असतं, आणि ते तिला माहीत होतं.

मी थांबभाऊकडे गेले. त्यानं दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या मशीनवर कितीक दिवस जगता? सोताचं घ्या."

यवतमाळला दुकानात जाताना त्यानं व्हॅनच न्यायला लावली. दुकानदार म्हणाला, गाडी कायले आणली, मी सांगतो ना कोणता स्कॅनर घ्यायचा तो.

"तुमी सांगसान," थांबभाऊ म्हणाला. "पण त्याच्यासंग आमची गाडी बोलली पायजे ना. तिच्याशी ज्याचं जमन तो घेऊ."

दुकानदारानं आधी फोनवर चालणारा ठोकळा काढला. आगपेटीएवढा, तारबीर काही नाही. सुषमाला तो आवडला. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ सोळा भोकांची खाच असते, तिथं तो बसवला. फोनवर आकडे यायला लागले आणि तेवढ्यात एका नर्सबाईचा फोन आला. सुषमा पाच मिनिटं बोलत बसली. फोन ठेवला तर ठोकळ्याचं नि फोनचं जमेना, पुन्हा पहिल्यापासून जोडा.

"झालं?" थांबभाऊ म्हणाला. "डाक्टर नाडी पाहून राह्यला आन मधातच उठून चालला गेला. आन फोन तुयासंग शिटावर, वयनी घरी. तिनं काय वाचावं?"

दुकानदारानं मग मोठं मशीन काढलं, पाटीएवढं. ते सगळ्या कंपन्यांच्या गाड्या तपासायचं, नवीन चावीसुद्धा जोडायचं. मला ते पाहूनच दडपण आलं. थांबभाऊनं विचारलं, दरसाल नवीन करा लागते काय? दुकानदार म्हणाला, हो, नाहीतर पुढच्या गाड्या ओळखणार नाही. "आपल्याजवळ गाडी एक," थांबभाऊ म्हणाला. "याले गावभरच्या गाड्या वळखून काय करा लागते?"

तिसरा होता तळहातापेक्षा थोडा मोठा, तारेचा, चार बटणांचा. बॅटरी नाही, गाडीचीच वीज घ्यायचा. तो जोडला. थांबभाऊनं तीन गोष्टी पाहिल्या. कोड येतो का. गाडी चालू असताना आकडे लगोलग बदलतात का. आणि दिवा लागला त्या घडीचा फोटो यंत्र दाखवतं का, म्हणजे तेव्हा गाडीचा वेग किती, इंजिन किती तापलेलं, पेट्रोल किती वाढवून द्यावं लागत होतं. "फोटो नसन तर हा निसता चुगलखोर," तो म्हणाला. "नाव सांगते, बाकी काही नाही." मग यंत्र माझ्या हातात देऊन त्यानं मला उन्हात उभं केलं. "वाचा, वयनी." चष्मा न लावता मला आकडे वाचता आले.

दुकानदार हसला. "आजीले काय करायचं हाये याचं?"

"वाचणार वयनीच हाये," थांबभाऊ म्हणाला. "बांधून द्या."

घरी आल्यावर त्यानं यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिलं, कोणत्या ओळीत वेग, कोणत्या ओळीत ताप, कोणत्या ओळीत पेट्रोलची वाढ. एक वही दिली. "रोज संध्याकाळी गाडी आली का लावजा. कोड लिहा, फोटो लिहा. मी उमरखेडले पोरीकडं जाऊन येतो." आणि गेला.

आता माझी चूक सांगते. त्या यंत्रात कोड पुसायचंही बटण होतं. पहिल्या संध्याकाळी दिवा लागलेला होता. मी यंत्र लावलं, एक-दोन बटणं दाबून पाहिली, आणि दिवा विझला. मला वाटलं, काम झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लागला, मी पुन्हा पुसला. नर्सबाया दिव्याला घाबरायच्या, त्या आता घाबरेनात. मी चूल सारवावी तशी रोज तो दिवा पुसत होते आणि वर शेवंताला सांगत होते की मला यंत्र येतं.

बुधवारी थांबभाऊ परत आला. वही कोरी. मी अभिमानानं सांगितलं की मी रोज पुसते.

त्यानं हात पाठीमागे बांधले. मला वाटतं तेव्हा ते माझ्यासाठी बांधले असावेत. "वयनी, कोडासंग फोटोबी पुसला जाते. एकच साक्षीदार होता आपल्याजवळ. त्याले रोज मारून टाकून राह्यल्या तुमी. काहून पुसला?"

"दिवा लागला व्हता म्हणून."

"दिवा बिघाड हाय काय? लेकरू रडलं का त्याचं तोंड दाबता काय?" मग थोडा शांत झाला. "आता आधी लिहा, मंग पुसा. तीन दिवस."

"तीन दिवस? आयतवारी प्रमोद गिऱ्हाईक घेऊन येते ना!"

"येऊ द्या. एका दिवसाच्या आकड्यावर मी बोनट उघडत नाही."

मला त्याचा राग आला होता, पण चूक माझी होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी अंगणात व्हॅनमध्ये बसून पेन्सिलीनं आकडे उतरवले. इंग्रजी अक्षर एकच, पी, आणि त्यापुढं चार आकडे. चिकटपट्टी पाहायची, ओळ मोजायची, लिहायचं, मग पुसायचं. इतका वेळ लावून मी शाळेतही कधी लिहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी प्रमोद आला, सोबत गिऱ्हाईक. पांढरा सदरा, हातात दोन फोन. चावी प्रमोदच्या हातात होती. थांबभाऊ अंगणात वही घेऊन बाजेवर बसला होता.

"काकाजी, गिऱ्हाईक उभं हाये," प्रमोद म्हणाला.

"उभं हाये तं बाज हाये. बस म्हणा." त्यानं वही माझ्यापुढं धरली. "वयनी, काय दिसते?"

"कोड तिन्ही दिवस तोच हाये."

"तो तं गॅरेजवाल्यालेही दिसला. अजून?"

मी वही लांब धरून पाहिली. ताप कमीजास्त होता. पेट्रोलची वाढ थोडी इकडंतिकडं. वेगाच्या ओळीत तिन्ही दिवस शून्य होतं.

"दिवा लागला तवा गाडी उभी व्हती," मी म्हणाले. "तिन्ही टायमाले."

"मंग?"

"मंग चालताना दुखत नाही तिले. उभी राह्यली का दुखते."

थांबभाऊ काही बोलला नाही. उठला आणि त्यानं स्वतः बॉनेट उघडलं. सुषमाला म्हणाला, "सूनबाई, चालू कर. चाबी घे त्याच्याजवळून." प्रमोदनं चावी दिली. इंजिन सुरू झालं, थरथरायला लागलं. थांबभाऊनं खिशातून रबरी नळीचा हातभर तुकडा काढला. एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनवर फिरवत नेलं, डॉक्टर छातीवर फिरवतो तसं. एका जागी थांबला. प्रमोदला बोलावून त्याच्या कानाला नळी लावली.

"काय आयकू येते?"

"फुसफुस," प्रमोद म्हणाला.

ब्रेककडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाला वळणावर, खालच्या बाजूनं चीर गेली होती. वरून काही दिसायचं नाही. तिथून इंजिन जास्तीची हवा ओढत होतं आणि तिला पुरावं म्हणून पेट्रोल वाढवत होतं. उभ्या गाडीत इंजिनला मुळातच कमी हवा लागते, म्हणून ही जास्तीची हवा तेव्हाच जड जायची.

"वयनी, मशीन धरा. पेट्रोलच्या ओळीचा आकडा मोठ्यानं वाचा."

मी वाचला. "बावीस."

त्यानं फडक्यानं चीर दाबली. मी आकडा पाहत होते.

"अठरा... तेरा... नऊ..." इंजिनची थरथर थांबली. "चार. चारच हाये, भाऊ."

मग गिऱ्हाईक खाकरलं आणि प्रमोदला म्हणालं, "गाडी चांगली हाये. मी आता थोडे वाढवून देतो." सुषमानं इंजिन बंद केलं, चावी काढली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. गिऱ्हाइकाला चहा दिला आणि ते गेलं. नवीन पाइप तिनं दुपारी स्वतः बसवला. थांबभाऊ पाठीमागे हात बांधून शिव्या देत होता. शेवटी गप्प बसला.

त्याचं एक वाक्य सुषमा अजून म्हणते. लोक कोड पाहून लगेच भाग विकत घ्यायला निघायचे, तेव्हा तो म्हणायचा, "मशीननं सांगलं कुठं दुखते. काहून दुखते ते तुले पाहा लागन." आज आमच्या अंगणात आठवड्याला तीन-चार गाड्या असतात. सुषमा पाहते, मी आकडे लिहिते. वह्या पाच झाल्या. कुणी नवीन स्कॅनर घ्यायचा म्हणून विचारायला आलं तर मी म्हणते, आपली गाडी घेऊन दुकानात जा, आणि घरात जो रोज वाचणार आहे त्याच्या हातात देऊन पाहा.

थांबभाऊ गेला त्याला दोन उन्हाळे झाले. सकाळी नऊला त्याच्या छातीत दुखायला लागलं. शेवंता म्हणाली, सुषमाला बोलावते. तो म्हणाला, "थांब, पाहू किती येळ रायते." अकराला कमी झालं, साडेअकराला पुन्हा वाढलं. त्यानं पुन्हा तिला थांबवलं. दुपारी ती धावत आमच्या दारात आली तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवशी सुट्टी होती. व्हॅन चार घरांवर अंगणात उभी होती, दिवा विझलेला, पाइप धड. मी तिच्या सावलीत मिरच्या निवडत बसले होते.

लोक म्हणाले, चांगलं मरण आलं. मी तसं म्हणत नाही. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. तीन दिवस लिहून मग उघडायचं, हे त्यानं गाडीसाठी ठरवलं होतं. स्वतःवर कशाला लावलं?

गेल्या पावसाळ्यात शेवंता आमच्याकडे बसली असताना तिला गरगरलं. हात थंड, ओठ पांढरे. उठायला गेली आणि पुन्हा बसली. म्हणाली, "थांब वं माय, वाटन बरं."

"थांबायचं नाव काढू नको," मी म्हणाले आणि तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. सुषमानं आधीच व्हॅन दारापुढं आणली होती. शेवंताला मागच्या सीटवर बसवताना गाडी जागेवर चालू होती, आणि मी सवयीनं एक क्षण कान दिला. फुसफुस नव्हती. मी दार ओढून घेतलं आणि सुषमाला म्हटलं, चाल.