मालिकेतले डॉक्टर

त्यांनी जन्मात कधी कुणाला सुई टोचली नव्हती. उलट रक्ताचा थेंब दिसला की त्यांनाच घेरी यायची. एकदा भाजी चिरताना बायकोचं बोट कापलं, तर बोटाला पट्टी बांधायच्या आधी तिला ह्यांच्या तोंडावर पाणी मारावं लागलं. तरीही अख्खं शहर त्यांना 'डॉक्टर' म्हणायचं.

मुळात ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. कुठल्या गल्लीखालून कुठला नळ जातो, हे त्यांना पाठ असायचं. वयाच्या चोविसाव्या वर्षी एका नाट्यगृहाच्या गळक्या टाकीची पाहणी करायला गेले, तर आत तालीम चालली होती. आग लागल्याचा प्रसंग होता आणि पडद्यामागून 'आग! आग!' ओरडायला माणूस नव्हता. दिग्दर्शिका, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे, त्या ह्यांना म्हणाल्या, "अहो टाकीवाले, जरा ओरडता का?"

ह्यांनी आवाज लावला आणि मागच्या रांगेत पेंगणारा इलेक्ट्रिशियन खरंच दाराकडे पळत सुटला. बाईंनी त्याच दिवशी ह्यांना ठेवून घेतलं.

घरी वडिलांनी ऐकलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "घरात नाटकं कमी होतात का, म्हणून बाहेर करायला निघालास?"

पण ह्यांना लागलेलं वेड सुटणारं नव्हतं. पहिली दोन वर्षं प्रेक्षकांनी ह्यांचा चेहरा पाहिलाच नाही, नुसता आवाज ऐकला. पुढे हळूहळू विंगेतून रंगमंचावर आले. नाकीडोळी बेताचेच, त्यामुळे नायक व्हायचा प्रश्नच नव्हता. हवालदार, वकील, मुलीचा बाप, घरमालक अशी कामं वाट्याला आली आणि ती त्यांनी पंचवीस वर्षं जीव ओतून केली. बाईंनी त्यांचे उच्चार घासूनपुसून घेतले. दातांत पेन्सिल धरून पानंच्या पानं म्हणायला लावायच्या आणि वर ओरडायच्या, "घास गिळा, शब्द गिळू नका!"

याच नाटक कंपनीत त्यांचा जिवाभावाचा दोस्त मिळाला, तो म्हणजे कपडेपटाचा शिंपी. सगळे त्याला 'मास्तर' म्हणायचे. जिन्याखालच्या दीड माणूस मावेल एवढ्या खोलीत त्याचं मशीन असे. प्रयोग सुरू झाला की मास्तर तोंडात टाचण्या धरून विंगेत उभा राहायचा आणि शंभरदा ऐकलेल्या विनोदाला शंभराव्यांदा हसायचा. टाचण्या मात्र कधी गिळल्या नाहीत.

ह्यांना बावन्नावं लागलं आणि दूरचित्रवाणीचं बोलावणं आलं. मालिकेत घरातली आजी आजारी पडते, डॉक्टर येतात, तपासतात आणि जातात. काम तीन दिवसांचं. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून हे आले, आजीच्या मनगटावर बोटं ठेवली आणि त्या भरदार आवाजात म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही. मी आहे ना."

झालं! प्रेक्षकांची पत्रांवर पत्रं आली की या डॉक्टरांना परत बोलवा. मग मालिकेत कुणाला ताप, कुणाला फीट, कुणाचा पाय मोडलेला, असं आजारपण सुरू झालं ते नऊ वर्षं हटलं नाही. शूटिंग बारा-बारा तास चालायचं, त्यामुळे नाटक सुटलं.

आणि रस्त्यावर निघालं की पेशंटांची रीघ लागायची. बँकेच्या रांगेत कुणी एक्स-रे काढून उजेडाला धरी. न्हावी दाढी अर्धी टाकून गुडघा दाखवी. एका मयताला गेले, तर गेलेल्या माणसाचा सख्खा भाऊ ह्यांना कोपऱ्यात घेऊन जीभ बाहेर काढून उभा राहिला. पहिल्यांदा हे सांगायचे, "अहो, मी नट आहे, डॉक्टर नाही." लोक कौतुकाने म्हणायचे, "बघा, किती साधे आहेत डॉक्टर!" मग त्यांनी सांगणंच सोडलं. खरं बोलायचं तर त्यांना ते आवडायला लागलं होतं. जन्मभर हवालदार आणि घरमालक केलेल्या माणसाला कुणी एवढ्या विश्वासाने हात पुढे करतं, ही काही लहान गोष्ट नव्हती.

बायको शाळेत गणित शिकवायची. ती एकदा म्हणाली, "लोकांचं जाऊ द्या. तुम्ही तरी विसरू नका तुम्ही कोण आहात ते. अंगाशी येईल एक दिवस."

तो दिवस आला तो मास्तराच्या दुकानात. कंपनी बंद पडल्यावर मास्तराने बाजारात स्वतःचं दुकान टाकलं होतं. हे पँटची उंची कमी करायला गेले होते. मास्तर माप घेता घेता म्हणाला, "अरे, हाताला सारख्या मुंग्या येतात. काल कात्री हातातून गळून पडली. आणि बोलताना जीभ अशी जड झाली घटकाभर, मग झालं बरोबर."

ह्यांनी मास्तराचं मनगट धरलं, भुवया उंचावल्या आणि त्या ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही. मी आहे ना. विश्रांती घ्या."

दोघे खो खो हसले. निदान ह्यांना वाटलं, दोघेही हसले.

चौथ्या दिवशी मास्तर मशीनवरच कलंडला. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

हे धावत हॉस्पिटलात पोचले. बाहेर बाकावर मास्तराची बायको बसली होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाली, "भाऊजी, मी म्हणत होते, खरा डॉक्टर गाठा. ते म्हणाले, आपला डॉक्टर काळजी नको म्हणालाय."

'मी चेष्टा केली' हे शब्द जिभेवर आले आणि तिथेच विरले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने समजूत घातली नाही. "झालं ते झालं, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "उद्या काय करणार आहात, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी ते हॉस्पिटलात मास्तरावर वाचा-उपचार करणाऱ्या मुलीला भेटले. "ताई, मी खोटा डॉक्टर आहे," ते म्हणाले. "मला खरं काम सांगा."

ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून हसायची थांबली. तिने व्यायाम समजावले, रोज काय आणि किती करून घ्यायचं ते लिहून दिलं. "घाई करायची नाही. आणि त्यांच्या वतीने तुम्ही बोलायचं नाही," तिने बजावलं.

मास्तर घरी आल्यावर शूटिंग असो नसो, हे रोज तासभर त्याच्याकडे जायला लागले. वहिनी चहाचा कप आपटून ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. हे आपले मास्तरासमोर बसून ओठ मिटून 'प' आणि जीभ दातांमागे लावून 'ल' करून दाखवायचे. मास्तराच्या तोंडून नुसती लाळ गळायची आणि डोळ्यांतून पाणी. दोन महिने गेले, पण एक शब्द धड निघाला नाही.

एक दिवस कंटाळून ह्यांनी कागद बाजूला ठेवला, उभे राहिले आणि जुन्या फार्सातल्या आपल्या हवालदाराचा आवाज लावला. "काय रे! काल रात्री सावकाराच्या माडीवर कोण चढलं होतं?"

मास्तराचे डोळे चमकले. विंगेतून शेकडो वेळा ऐकलेलं ते. ओठ हलले, वाकडे झाले, आणि चोराचं उत्तर बाहेर आलं. "साहेब, मी... नव्हतोच... तिथे!"

आत वहिनींच्या हातून पळी पडली. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हे पुढचा संवाद विसरले.

"म्हणा ना पुढचं, भाऊजी," त्या रडत म्हणाल्या. "थांबलात का?"

तिथून गाडी रुळावर आली. उपचारवाल्या मुलीने समजावलं की मुरलेलं पाठांतर कधी कधी आधी सापडतं, पण नवं वाक्य जुळवायला वेळ लागेल. लागलाच. वर्षभराने मास्तर अडखळत का होईना, मनातलं बोलू लागला. तेव्हा ह्यांनी एकदाचं म्हणून टाकलं, "माझ्यामुळे झालं हे."

मास्तराने बराच वेळ शब्द जुळवले. "तू... नट. नटाचं ऐकलं... तो मी... गाढव."

इकडे मालिकेत ह्यांनी निर्मात्याला सांगितलं होतं, "ते वाक्य आता मी म्हणणार नाही. माझा डॉक्टर यापुढे लोकांना तपासण्या करायला सांगेल." निर्माता म्हणाला, "लोकांना धीर हवा असतो हो, तपासण्या नकोत." महिन्याभरात डॉक्टर उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना झाले. एकसष्टाव्या वर्षी! बायको इतकी हसली की वह्या तपासायच्या राहिल्या.

ते पुन्हा नाटकात गेले. मिळतील ती छोटी कामं करतात. मास्तराचा उजवा हात काही परत आला नाही. दुकान मुलगी चालवते आणि मास्तर खुर्चीत बसून तिच्या शिलाईला नावं ठेवतो.

दर मंगळवारी सकाळी हॉस्पिटलातल्या एका खोलीत वाचा गेलेली सहा-सात माणसं जमतात. उपचारवाली मुलगी असते, मास्तर असतो आणि हेही असतात. तिथे फार्स वाचला जातो. परवा एक निवृत्त न्यायाधीश नव्याने आले. ह्यांनी त्यांच्या हातात चोराची भूमिका ठेवली. न्यायाधीशांनी कागद परत ढकलला.

"जन्म... भर... चोरांना... शिक्षा... दिली," ते म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना दीड मिनिट लागलं. कुणी मध्ये बोललं नाही. मुलीने वहीत टिपून घेतलं, कारण झटका आल्यापासूनचं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

"मग हवालदार करा," हे म्हणाले.

न्यायाधीशांनी कागद उलटापालटा करून पाहिला. "वाक्यं... किती?"

"अगदी नटासारखं विचारलंत," हे म्हणाले आणि खुर्ची त्यांच्याजवळ ओढून बसले.