विमलताईची डबा-मच्छी

फोन आला तेव्हा माझ्या हातात अंडं होतं. श्रीरामपूरला ताईच्या घरात, तिच्याच शेगडीपाशी मी उभा होतो. खोलगट तव्यात कांदा-टोमॅटो शिजला होता, डब्यातली मासळी त्यात पसरून झाली होती, वर अंडी फोडून झाकण घालायचं तेवढं राहिलं होतं. ताईची मुलगी रोहिणी सकाळीच तिला गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली होती. मला वाटलं, पोचल्याचा फोन असेल. पण पलीकडून रोहिणी नुसतं “मामा... मामा...” एवढंच म्हणत राहिली. राहुरी मागं पडली आणि ताईनं तिच्या खांद्यावर मान टाकली, ती पुन्हा उचललीच नाही. तवा करपला, घरभर धूर झाला. बाहेरच्या खोलीत दाजी, म्हणजे ताईचे यजमान, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत बसले होते. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. त्यांना जाऊन सांगावं तर काय सांगावं... विमल कोण, हे तरी त्यांना त्या क्षणी आठवत होतं का?

विमलताई माझी थोरली बहीण. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून तिचं सगळं आयुष्य गेलं. दाजी मस्कतला ट्रक चालवायचे, वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे. एका सुट्टीत त्यांनी बॅगेतून मासळीचे डबे काढले आणि स्वतः चुलीपुढे उभे राहिले. आमच्या आईनं त्या बंद डब्याकडे असं काही पाहिलं, की त्यात मेलेलं काय निघतंय कोणास ठाऊक. दाजींनी कांदा परतला, मासळी घातली, त्यावर अंडी फोडली आणि आईच्या हातची भाकरी थापून होईस्तोवर जेवण तयार. आईनं आधी नाक मुरडलं, मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पुढं ताईनं तो पदार्थ आपलासा केला. ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, आमचा कांदा-लसूण मसाला आणि उतरवताना मूठभर कोथिंबीर. ड्युटीवरून दमून आली की पांढरी साडीही न बदलता ती तवा चढवायची. आम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत ताटं मांडलेली असायची. डोळे मिटून प्रार्थना म्हणताना तिचा एक कान तव्याकडे असायचा. ‘आमेन’ म्हणता म्हणता ती गॅस बंद करायची.

दाजी कायमचे परत आले आणि काही वर्षांतच त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग रस्ते. रोहिणीनं त्यांना पुण्याला आपल्या घरी नेऊन पाहिलं, तर लिफ्टनं खाली उतरून ते कुठंतरी निघून गेले, दिवसभर शोधल्यावर सापडले. दवाखान्यात नेलं की ते किंचाळत. त्याहून वाईट म्हणजे खाण्याचा संशय. “ह्यात काय घातलंय?” असं विचारून ते ताट सारून देत. भाकरी सुटली, भात सुटला, वरण सुटलं. शेवटी राहिली ती एकच गोष्ट, ताईच्या हातची डबा-मच्छी. ती समोर बसून घास पुढं करायची आणि ते तिच्या तोंडाकडे पाहत खायचे. रोहिणी पुण्याहून मासळीचे डबे पाठवायची, आणि ताई रोज, दोन्ही वेळा, तेच रांधायची.

अशात ताईचं हृदय कुरकुरू लागलं. ओट्यापर्यंत जायचं तरी तिला दम लागायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, थांबू नका, भरती व्हा, ऑपरेशन करावं लागेल. राहुरीहून मी तिच्याकडे राहायला आलो. मी निवृत्त शिक्षक, बायको गेल्यापासून हातानं करून खाणारा. मी म्हटलं, दाजींचं मी बघतो, तू जा. ती म्हणाली, “मी जाईन रे. पन आधी त्यांना तुझ्या हातनं खाऊ दे. न्हाईतर मी तिकडं बरी होऊन येईपर्यंत हे हितं उपाशी मरतील.”

मग शिकवणी सुरू झाली. ती स्टुलावर बसायची आणि मी तव्यापाशी. कांदा लाल करू नको, नुसता मऊ होऊ दे. मासळी ढवळून लगदा करू नको. अंड्याचा पिवळा गोळा हलता राहिला पाहिजे. पहिल्यांदा बिघडलं, मग जमलं, नंतर तर तिनं चाखून सांगितलं की आता माझ्या-तुझ्यात फरक नाही. पण दाजी तोंड उघडेनात. मी ताट घेऊन गेलो की ते भिंतीकडे वळायचे. एकदा ताट उडवून दिलं, गरम तेल माझ्या मनगटावर आलं. एक दिवस ताईनंच धापा टाकत सगळं रांधलं आणि मी फक्त ताट नेऊन ठेवलं. तरीही त्यांनी हात लावला नाही. दाराआडून ताई ते बघत होती. ती तिथंच चौकटीला धरून खाली बसली आणि रडली. आई गेली तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. “म्हंजे चवीचं न्हाईच हे,” ती म्हणाली. “आता मी काय करू, तू सांग.” भरती होणं आज-उद्या करत लांबत गेलं. अखेर एका सकाळी तिचे ओठ निळे दिसायला लागले, तेव्हा पुण्याहून आलेल्या रोहिणीनं काही ऐकून घेतलं नाही. गाडीत बसताना ताई मला म्हणाली, “त्यांनी खाल्लं की कळव.”

दफनाच्या दिवशी दाजींना आम्ही हाताला धरून नेलं. पाळकसाहेब वचन वाचत असताना त्यांनी मला हळूच विचारलं, कोण बाई गेली? घरी परतल्यावर चर्चमधल्या बायकांनी आणलेले जेवणाचे डबे तसेच पडून राहिले. दाजी पाणी घ्यायचे, कधी चहात बुडवून बिस्किट घ्यायचे, बस्स. त्यांचे गाल आत गेले. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल, आणि नळी उपसू नये म्हणून हात बांधावे लागतील. माझी प्रार्थनाही तेव्हा बंद पडली होती.

दुसऱ्या दिवशी रोहिणी नळीची चौकशी करायला दवाखान्यात गेली. दुपारी मी तवा चढवला, तो दाजींसाठी नव्हे. माझ्याच पोटात कालपासून काही नव्हतं. ताट घ्यायचंही त्राण नव्हतं. तवा खाली फरशीवर ठेवला, शेजारी बसलो आणि शिळ्या पावानं तव्यातूनच खाऊ लागलो. समोर सावली पडली. दाजी दारात उभे होते. ते आत आले, गुडघे धरत माझ्यासमोर बसले, माझ्या हातातला पाव अर्धा तोडला आणि तव्यात बुडवला.

“हनीफ,” ते म्हणाले, “मीठ कमी पडलं आज.”

हनीफ हा मस्कतच्या खोलीतला त्यांचा सोबती, असं रोहिणीनं नंतर सांगितलं. ड्युटी संपली की सगळे ड्रायव्हर एकाच तव्याभोवती बसायचे. तिथं कुणी कुणाला ताट वाढत नसे, कुणी घास भरवत नसे. मी मीठ आणून टाकलं. दाजी तवा पुसून निघेपर्यंत खात राहिले. अंड्याचा पिवळा ओघळ त्यांच्या हनुवटीवर आला होता. तो पुसायला मी हात पुढं केला आणि मला हुंदका आवरेना. एवढंच करायचं होतं. ताट घेऊन त्यांच्यापुढं उभं राहायचं नव्हतं, खाली बसून त्यांच्यासंगती जेवायचं होतं. ताई स्टुलावर बसलेली असताना हे घडलं असतं, तर ती वेळेवर नगरला पोचली असती. लोक म्हणतात, जेवायला लागले ना, देवाची कृपा. मी मान हलवतो. आत मात्र ती दुपार चाकूसारखी फिरत राहते.

आता मी इथंच राहतो. तवा दोन वेळा खाली उतरतो, आम्ही दोघं बसतो. जेवण झालं की दाजी बैठकीतल्या जुन्या, केव्हाच बंद पडलेल्या फोनपाशी जाऊन बसतात. त्यांच्या लेखी ते मस्कतला आहेत, आणि विमल तिकडं श्रीरामपूरला, रोहिणीला निजवून जागी आहे. रोज संध्याकाळी ते मला विचारतात, “हनीफ, घरचा फोन आला व्हता का?”

मी सांगतो, आज लाइन लागत नाही.

“लागंल उद्या,” ते म्हणतात, आणि रिसीव्हरवरची धूळ सदऱ्याच्या बाहीनं पुसत बसून राहतात.