वणीचे जावई

एकाच नावाची गावे जगात अनेक असतात, हे मी आयुष्यभर वर्गात शिकवले. हैदराबाद दख्खनेत आहे, तसेच सिंधमध्येही आहे. लंडन इंग्लंडात आहे आणि कॅनडातही. नाव सारखे असले तरी अक्षांश-रेखांश वेगळे असतात, तेव्हा गोंधळण्याचे कारण नाही, असे मी फळ्यावर नकाशा काढून समजावत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र या अक्षांश-रेखांशांनी मुळीच धीर दिला नाही.

माझी सासुरवाडी दारव्ह्याची. त्या घरात जावयाला नावाने हाक मारत नाहीत, गावावरून ओळखतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा; म्हणून लग्नापासून ‘वणीचे जवाई’ म्हणजे मी. पुढे धाकटी मेहुणी नाशिककडच्या वणीत दिली. साडू द्राक्षबागायतदार, उमदा, हसतमुख. पहिल्याच दिवाळीला तो सप्तशृंगीचा प्रसाद घेऊन आला. सासूबाईंनी तो कपाळाला लावला आणि माझे नाव त्या क्षणी त्याच्याकडे गेले. वास्तविक देवीचा गड त्या वणीपासून बराच दूर आहे. ही भौगोलिक दुरुस्ती मी एकदा जेवताना सुचवली. कोणी ऐकली नाही.

गेल्या अधिक महिन्यात आम्हा दोघा जावयांना धोंड्याच्या जेवणाचे बोलावणे आले. पाट मांडलेले होते. सासूबाई अनारशांचे ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “वणीचे जवाईबापू, या, बसा.”

मी जाऊन बसलोदेखील.

“तुम्ही नाही जी! मी देवीच्या वणीच्या जवायाले बलावून राह्यली. तुम्ही यवतमाळवाले, मागून बसा.”

यवतमाळ माझ्या घरापासून शंभरेक किलोमीटर आहे. पण ते सांगायच्या आत मेहुणा ओरडला, “भाऊजी, तुमच्या वणीचा प्रसाद तं शेगडीत टाका लागते!” आमच्याकडच्या कोळशाच्या खाणी सर्वांना ठाऊक, घरभर हशा उसळला.

साडू मात्र हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बसा हो दादा. वणी म्हणजे वणीच की.”

त्याचे ते औदार्य मला हशापेक्षा अधिक झोंबले. माझेच नाव मला देऊ करणारा हा कोण? मी पाटावरून उठलो आणि दुसऱ्या पाटावर जाऊन बसलो. अनारसे उत्तम झाले होते. मी एकच खाल्ला.

परतीच्या एसटीत मी कंडक्टरला म्हणालो, “दोन वणी.” त्याने मुकाट्याने तिकिटे फाडून दिली.

“पाहिलंस?” मी पत्नीला म्हणालो. “कोणती वणी, असं त्यानं विचारलंसुद्धा नाही.”

ती खिडकीबाहेर पाहत होती. “इथून त्या वणीले गाडीच नाही,” ती म्हणाली, “थो कायले इचारन?”